दोन नंबरच्या मुठी

भरमाप्पा खांबावर होता आणि लाइन मी चालू केली. हे वाक्य मी त्याच आठवड्यात सरकारी इन्स्पेक्टरसमोर लिहायला हवं होतं. मी दुसऱ्यानं लिहिलेल्या खोट्या वाक्याखाली सही केली.

हल्ली मॅट्रिक झालेली मुलं मला विचारतात, विजेच्या धंद्यात कुठलं काम धरावं. त्यांना वाटतं, या धंद्याला एकच दार आहे. तसं नाही. बेळगावच्या आमच्या पॉवरहाउसमधला इंजिन ड्रायव्हर आधी जिनिंग फॅक्टरीच्या बॉयलरवर कोळसा टाकायचा. वायरमन मूळचा सुतार. घरात वायर न्यायची तर भिंतीवर सागवानी पट्टी ठोकावी लागायची, म्हणून सुताराचा हात उपयोगी. मीटर वाचणारे खरोखरीचे शाळामास्तर होते. मी निपाणीकडच्या जैन शेतकऱ्याचा मुलगा. घरी तंबाखूचं पीक, मला मशिनचं वेड. चार वर्षं ऑइल इंजिनाला तेल घातलं, मग स्विचबोर्डवर आलो. आणि भरमाप्पा सांबऱ्याचा, आधी नारळ उतरवणारा. खांबावर चढायला त्याला कुणी शिकवलं नाही. विजेला भ्यायला मात्र शिकवावं लागलं, आणि ते तो माझ्याहून चांगलं शिकला.

स्विचबोर्ड म्हणजे भिंतीएवढी काळी फरशी. गावात जाणारी प्रत्येक लाइन तिथून सुटते. प्रत्येक लाइनला तीन फ्यूज, आणि फ्यूज बसवायला चिनी मातीच्या तीन मुठी. मुठी ओढून काढल्या की ती लाइन मेली. आमचा एक नियम होता, तो कुठल्या पुस्तकात छापलेला नव्हता. लाइनमननं खांबावर जाताना त्या लाइनच्या मुठी स्वतःच्या हातानं काढायच्या, बरोबर न्यायच्या, आणि काम झाल्यावर स्वतःच्या हातानं परत बसवायच्या. मुठी ज्याच्याजवळ, लाइन त्याची. मग मॅनेजर येवो की कलेक्टर. हा नियम भरमाप्पानं पाडला. त्यासाठी त्याच्या बायकोनं एक पिशवी शिवली होती. वडगावच्या मागावरच्या लुगड्याचा तुकडा, हिरवा, लाल काठाचा. ती कमरेला बांधून तो निघाला की सगळ्यांना कळायचं, भरमाप्पा लाइन घेऊन चालला.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर त्यानं दोन नंबरच्या मुठी काढल्या. खासबागेत एका खांबावरचा इन्सुलेटर, म्हणजे तार ज्यावर टेकते तो चिनी मातीचा पेला, फुटला होता. सायकलवर बिगाऱ्याला मागं बसवून तो गेला.

तीनच्या सुमारास मॅनेजरसाहेब बोर्डापाशी आले. लढाईचे दिवस होते. खासबागेत वॉरफंडाची सभा होती, आणि ती जागा दोन नंबरवर होती.

"दोन नंबर बंद का?"

"भरमाप्पा खांबावर आहे साहेब. मुठी त्याच्याकडे आहेत."

"कपाटात स्पेअर नाहीत?"

"आहेत. पण तो मुठी घेऊन आल्याशिवाय आपण..."

"नियम कोण करतो इथं, मी की तुझा नारळवाला? चार वाजता कलेक्टरसाहेब बोलायला उभे राहणार. लाउडस्पीकर तू ओरडून चालवणार आहेस?"

मी खिडकीपाशी गेलो. गेटाला टेकून भरमाप्पाची सायकल उभी होती.

"आला वाटतं," मी म्हणालो.

"वाटतं काय, आलाच आहे. घाल."

सायकलवरून आला होता तो बिगारी. नेलेला पेला तडकलेला निघाला म्हणून दुसरा घ्यायला स्टोअरमध्ये गेला होता. स्टोअर माझ्या खिडकीपासून तीस पावलांवर. मी ती तीस पावलं चाललो नाही. मी सायकल बघितली आणि माणूस आला असं धरलं. मुठी आल्या नव्हत्या हे मला दिसत होतं. बोर्डावरच्या तीन रिकाम्या जागा माझ्या नाकासमोर होत्या. त्यांत मी स्पेअर मुठी घातल्या.

लोक म्हणतात, नशीब. हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. नशिबाला हात नसतात. ते हात माझे होते.

कमरेच्या पट्ट्यामुळे भरमाप्पा खाली पडला नाही, खांबालाच लोंबकळत राहिला. जीव वाचला. उजवा हात भाजला होता. इस्पितळात अंगठा आणि दोन बोटं काढावी लागली. अंगठ्याशिवाय खांबावर चढता येत नाही. सभा झाली. त्याला उतरवेपर्यंत लाइन पुन्हा बंद ठेवली म्हणून लाउडस्पीकर अर्धा तास उशिरा लागला, एवढीच तक्रार आली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. रिपोर्ट इंग्रजीत टाइप होऊन तयार होता. लाइनमननं मुठी न काढता, परवानगी न घेता चालू लाइनवर काम केलं. साहेब म्हणाले, "तुझ्या घरी खाणारी तोंडं किती?" मी आकडा सांगितला. "मग सही कर. आणि त्याच्याजवळच्या वस्तू आणून जागेवर ठेव."

इस्पितळाच्या व्हरांड्यात भरमाप्पाची बायको त्याच्या कपड्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. मला बघून उठली. मी काही मागायच्या आधी तिनंच गाठोडं सोडलं आणि पिशवी माझ्या हातात दिली. "आण्णा, ह्ये तुमच्या कंपनीचं हाय. शुद्धीवर आल्यापास्नं त्येच इचारत्यात, मुठी पोचल्या का म्हनून."

त्या मुठींवर लाल रंगात दोनचा आकडा होता. मी त्या बोर्डावर बसवल्या, स्पेअर कपाटात ठेवल्या. आता बोर्ड असा दिसत होता, जणू तिथून कुणी काही नेलंच नव्हतं. रिकामी पिशवी इंजिनघरात जाळायची असं ठरवलं होतं. ते मात्र झालं नाही. घरी ट्रंकेत तळाशी टाकली.

इन्स्पेक्टर आले, बोर्ड बघितला, भरमाप्पाला समोर उभं केलं. हात गळ्यात बांधलेला. तो म्हणाला, "मुठी माज्याजवळ हुत्या सायेब. आण्णाला इचारा. माज्या बायकोनं त्येंच्या हातात दिल्यात." इन्स्पेक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, मला कुणी काही दिलं नाही.

भरमाप्पा ओरडला नाही. शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं. त्यानं फक्त मान हलवली, एखादा हिशोब कळल्यासारखी. त्याच महिन्यात त्याला काढून टाकलं.

साहेबांवर मी मनात जळत राहिलो. रोज सकाळी त्यांना नमस्कार करायचो आणि मनात म्हणायचो, या माणसानं मला बुडवलं. तीन वर्षं हा राग मी सोयीनं वापरला. त्याच्या आडोशाला मी स्वतः बसलो होतो.

मग एक दिवस नवा लाइनमन मुठी न काढताच निघाला. फोरमननं त्याला मागून हाक मारली, "ए, मुठी घे की रं. भरमाप्पा हुतोस काय?" सगळे हसले. मी चौकशी केली. कळलं की लाइनमन लोकांत ही म्हणच पडली होती. जो मुठी विसरेल तो भरमाप्पा. ज्यानं हा नियम पाडला, त्याचंच नाव आता नियम मोडणाऱ्याला चिकटलं होतं. हे साहेबांनी केलं नव्हतं. साहेबांना ती म्हण ठाऊकही नसेल. ते माझ्या एका सहीनं केलं होतं. त्या दुपारी मला स्वतःचा असा संताप आला की बोर्डावरचे आकडे दिसेनात.

रविवारी पिशवी घेऊन सांबऱ्याला गेलो. भरमाप्पा अंगणात डाव्या हातानं विळा धरून वैरण तोडत होता. मी बोलायला लागलो. रडलोही. त्यानं ऐकून घेतलं.

"मला काय सांगतोस आण्णा?" तो म्हणाला. "मला ठावं हाय की. मी खांबावर हुतो. ज्येंस्नी ठावं न्हाय त्येंस्नी सांग."

"सांगतो. तू येशील?"

"यीन. लई दिस झालं, त्या फाटकातनं आत गेलो न्हाय."

मी पिशवी पुढं केली. त्यानं घेतली नाही. "तितं दे," म्हणाला.

पुढचं आधीच सांगून टाकतो. इन्स्पेक्टरांना मी नवा जबाब लिहून पाठवला. भरमाप्पाच्या कागदावरचा ठपका निघाला. कंपनीनं त्याला गेटावर बसायची नोकरी देऊ केली, ती त्यानं घेतली नाही. मला काढलं, ते योग्यच झालं. साहेबांना समज दिली म्हणे. ते आजही त्याच खुर्चीत आहेत, आणि हे लिहिताना माझे दात आवळले जातात. पेट्रोल मिळेना म्हणून निपाणीच्या मोटारी कोळशाच्या गॅसवर धावायला लागल्या, तेव्हा त्यांच्या मागं गॅसच्या टाक्या बसवायचं काम मी धरलं. विजेच्या धंद्यातून बाहेर पडायचा हा एक रस्ता. कुठल्याही रस्त्यानं या, पोरांनो, एवढं लक्षात ठेवा: सायकल आली म्हणजे माणूस आला असं नव्हे. मुठी येईपर्यंत थांबा. आणि कुणी घाई करायला लागला, तर त्यालाच म्हणा, तीस पावलं चालून बघून या.

सोमवारी सकाळी हजेरीला सगळे अंगणात उभे होते. साहेब पायरीवर. भरमाप्पा गेटातून आत आला आणि लाइनमनच्या रांगेत, आपल्या जुन्या जागी जाऊन उभा राहिला. तिथं उभा असलेला नवा लाइनमन बाजूला सरला. मी पिशवी वर धरली, सगळ्यांना लाल काठ दिसेल अशी.

"ही भरमाप्पाची पिशवी," मी म्हणालो. "त्या दिवशी दोन नंबरच्या मुठी हिच्यात होत्या, तो खांबावर असताना त्याच्या कमरेला. लाइन मी चालू केली. मुठी मी परत लावल्या, पिशवी मी लपवली, खोटी सही मी केली. भरमाप्पानं नियम मोडला नाही, मी मोडला. इथून पुढं कुणी मुठी विसरला, तर त्याला माझं नाव ठेवा. भरमाप्पा, मी तुझा हात घेतला आणि वर तुझं नावही घेतलं. हात मला परत देता येत नाही. माझं चुकलं."