किसनचं विमान

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आमची पोस्टिंग हिमालयातल्या एका उंच चौकीवर होती. मी हवालदार, नायक किसन माझ्या हाताखाली. दोघंही जालन्याजवळच्या बदनापूरचे. एअर सेंट्रीची ड्यूटी म्हणजे शत्रूचं विमान येतंय का म्हणून दुर्बीण गळ्यात घालून दिवसभर आभाळ बघायचं. मान दुखते, बाकी काही घडत नाही. आमच्या चौकीचा नियम एक: पहिल्यानं काय पाहिलं ते दुसऱ्याला सांगायचं नाही. दुसऱ्यानं स्वतः बघून तेच सांगितलं, तरच रिपोर्ट पक्का.

एका सकाळी नियम विसरून किसन रेडिओवर ओरडला, "एक! उत्तरेकडून! खाली, फास्ट!"

चौकी स्टँड-टू झाली, म्हणजे लढायला सज्ज. गनर गनकडे धावले. आमच्या डोक्यांवरून सूंऽ करत जे गेलं, ते पाखरू होतं. भीतीनं सगळे जमिनीवर आडवे! त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं 'किसनचं विमान'. पुढं आम्ही दोघांनी ते नीट पाहून घेतलं. मोठी पाकोळी, पोट काळपट, गळा पांढरा, शेपूट बोथट आणि शेपटीखाली घोड्याच्या नालेसारखा पांढरा पट्टा. पक्ष्यांचा नाद असलेले आमचे कॅप्टन साहेब म्हणाले, "ही पहाडातली. तुमच्या जालन्याला दिसायची नाही."

किसननं सुट्टीत हे बायकोला सांगितलं. सुमित्रावहिनी पोट धरून हसल्या. त्याच हिवाळ्यात रस्ता मोकळा करणाऱ्या तुकडीवर हिमकडा कोसळला. किसन पुढं होता. आम्ही हातांनी बर्फ उपसला. तो सापडला, पण उशिरा.

त्याचं सामान घेऊन मी गेलो, तेव्हा वहिनी एवढंच म्हणाल्या, "पाखराला भेलेली पलटण म्हणून लई हसले मी त्यांना. जाताना शेवटचं तेच बोलणं झालं, भाऊजी."

रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. दिवाळीच्या आधी एका दुपारी मी बदनापूरजवळच्या पाझर तलावावर बसलो होतो. डोक्यावरून सूंऽ झालं. मी झटकन वर पाहिलं. मी मनाला आवरलं. मनी वसे ते स्वप्नी दिसे. स्टेशनच्या छपराखाली राहणाऱ्या पाकोळ्यांचाही गळा पांढरा असतो, पण त्यांच्या कमरेवर वरूनही पांढरं दिसतं. हे पाखरू पाणी प्यायला खाली आलं. कमरेवर पांढरं नव्हतं. तरी माझा माझ्या डोळ्यांवर भरवसा बसेना. ते किसनचंच विमान असावं, असं मला फारच वाटत होतं. खोटी आशा घेऊन वहिनींसमोर कसा जाणार?

मग नियम आठवला. स्कूटर काढली आणि वहिनींना घेऊन आलो.

"काय हाय इथं?"

"विचारू नका. वर बघा, दिसंल ते सांगा."

"पाकोळ्या हायत की... थांबा. ही एक मोठी हाय."

तेवढ्यात ते पाखरू सरळ आमच्यावरच आलं. "अगं माय!" म्हणत वहिनी खाली बसल्या, पदर डोक्यावर.

"बोला," मी म्हणालो.

"गळा पांढरा. शेपूट बोथट, असून नसल्यावानी. अन् शेपटीखाली पांढरी नाल." त्या थांबल्या. "भाऊजी, हेच का ते?"

"हेच. रिपोर्ट पक्का."

वहिनींनी पदर डोक्यावरून मागं सारला. मग हसल्या, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. वर बघून बोलल्या, पण माझ्याशी नाही.

"ऐकू राह्यले का वो? मीबी भेले."