दवापेटीत काय घ्यायचं?

चार माणसं दरवर्षी आठ दिवस पायी चालली, की किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. आमचे बहुतेक साचले ते माझ्या दवापेटीभोवती!

साठच्या दशकातली गोष्ट. मी बालाघाटला एका दवाखान्यात कंपाउंडर होतो. सोबतीला तिघं. रामटेके मास्तर शाळेत गणित शिकवायचे. पटलेची लांजीकडे धानाची शेती. आणि गजभियेचं सायकल दुरुस्तीचं दुकान. धान निघालं, शाळेला नाताळची सुट्टी लागली, की आम्ही चालू लागायचो. बालाघाटहून परसवाडा, तिथून बैहर, मग उकव्यावरून घरी. रस्ता जंगलाचा, दवाखाने दूर दूर. म्हणून पेटी माझ्या खांद्यावर, आणि तिच्यात काय जाईल हेही मीच ठरवणार!

*

पहिल्या वर्षी तिघांना विचारायची चूक केली. पटलेला धास्ती जुलाबाची. मास्तरांना सापाची. गजभियेनं तर निलगिरी तेलाची अख्खी बाटलीच आणली. सगळं मांडलं तर पेटीऐवजी बैलगाडी लागली असती!

मी ठणकावून सांगितलं, "हे पाहा, दवा आपल्या भीतीची न्यायची नाही. दवा रस्त्याची न्यायची!"

पटले गंभीरपणे म्हणाला, "हौ, पण रस्त्याले काय होऊन राह्यलं?"

*

विहिरीत टाकतात ती लाल दवा मी पाण्यासाठी घ्यायचो. परसवाड्याच्या वाटेवर मास्तरांना म्हटलं, "बादलीत चिमूटभर टाका."

"चिमूट हे माप नाही. चमच्यात सांग."

"पाव चमच्याहून कमी."

'कमी' हा शब्द मास्तरांनी सोडून दिला. पाणी वांग्यासारखं जांभळं! पिणं शक्यच नव्हतं. पण फेकायचं कशाला, म्हणून मास्तरांनी खुशाल गुळण्या केल्या. ओठ, दात, बोटं, सगळं तपकिरी!

परसवाड्याच्या बाजारात चहावाला निरखून पाहत राहिला. "गुरुजी, इतना बढ़िया पान कहाँ मिला?"

मास्तरांनी जन्मात पान खाल्लं नव्हतं. पण गडी डगमगला नाही. "बालाघाट में!"

*

सापावर काहीतरी घेच, हा मास्तरांचा हट्ट मात्र सुटेना. मी सांगायचो, "सापाची दवा पेटीत मावत नाही, मास्तर. सापापासून लांब राहायचं, हीच दवा."

एकदा वाटेत जेवायला बसलो. दहा हातांवर उन्हात अजगर पसरलेला! चौघंही असे पळालो, की पेटी तिथंच राहिली. अजगर सावकाश सरकत पेटीला टेकून झोपला. आम्ही लांब उभे. तास गेला, दीड तास गेला.

पटले म्हणाला, "कंपाउंडर, तुई दवा लागू पडली. आपण लांब हावो. पण बाकीची दवा त्यानं नेली ना!"

*

उकव्याला माझा माज उतरला. गजभियेनं नवे कॅनव्हासचे बूट घातलेले, दोन्ही टाचांवर लिंबाएवढे फोड. पेटीत ताप, खोकला, जुलाब, डोळे, कान, सगळ्यांवर काही ना काही होतं. फोडावर काही नाही!

मँगनीजच्या खाणीत टोपल्या वाहणारी एक बाई थांबली. पाय पाहून म्हणाली, "सुई-दोरा काढा."

"नाही जी पेटीत."

"काहून नाही? तुम्ही डॉक्टर हाय का?"

मी ऐटीत म्हणालो, "डॉक्टर नाही, कंपाउंडर!"

"तरीच!"

तिनंच घरून सुई आणली, विस्तवात धरली, दोरा ओवला आणि फोडांतून आरपार काढून पाणी वाहू दिलं. गजभिये दुसऱ्या दिवशी चालला. तेव्हापासून पेटीत सगळ्यात आधी सुई-दोरा जातो.

*

आणि हा एक. बैहरच्या अलीकडे एका गावात दुपारी पाण्याला थांबलो. मास्तरांना सकाळपासून हिव भरलेलं. हिवतापाच्या गोळ्या वाटेत देता देता सहाच उरल्या होत्या, एका माणसापुरत्या.

ओसरीत एक म्हातारी घोंगडीखाली कुडकुडत होती. तिची सून म्हणाली, "तीन दिस झाले जी. पेज बी पोटात ठरत नाही."

हात लावला, तर अंग तव्यासारखं. गोळ्या काढल्या आणि मास्तरांकडे पाहिलं. पेटीतलं काय कोणाला द्यायचं, हे मी कधी कोणाला विचारलं नव्हतं. त्या दिवशी हात पुढंच होईना.

मास्तरच म्हणाले, "पाहून काय राह्यला? तिले दे. बैहर सात मैल हाय. मी चालतो."

चालतात कसले! पटले आणि गजभियेनं आळीपाळीनं पाठुंगळी घेतलं. बैहरच्या दवाखान्यात चार दिवसांनी मास्तर उठून बसले. म्हातारीचं काय झालं, हे कळायला मार्ग नव्हता. वर्षभर मास्तर मधूनच विचारायचे, "वाचली असन काय रे?"

पुढच्या वर्षी गावात शिरलो, तर म्हातारी अंगणात धान पाखडत बसलेली, ठणठणीत! माझी छाती फुगली. "पाह्यलं मास्तर? दवा लागू पडली!"

"कोणती दवा?" म्हातारी म्हणाली. "म्या कुठं खाल्ली?"

ती आत गेली. छपराच्या बांबूत खोचलेली चिंधीची पुरचुंडी घेऊन आली. सहाच्या सहा गोळ्या, पिवळट पडलेल्या.

"माहा ताप आपोआप उतरला. तुमचे मास्तर माह्यापेक्षा जास्त कापून राह्यले होते. म्हनलं, वापस येतीन तं त्याईले देईन."

पुरचुंडी तिनं मास्तरांच्या पुढे धरली. मी म्हणालो, "मास्तर, तुम्हाले ताप कुठं आहे?"

"चूप राय," मास्तर म्हणाले. त्यांनी एक गोळी उचलली आणि तिच्यासमोर, पाण्याशिवाय, गिळली.