काटा कुठं आहे ते सांग

काटाकाका टीव्हीवरच्या राजकीय चर्चा आवाज बंद करून बघायचे. "आवाज काहून पाहिजे?" म्हणायचे. "प्रश्न विचारला का माणसाचा हात पाह्य. बोट दुसऱ्याकडं गेलं, म्हणजे उत्तर नाही त्याच्यापाशी."

सावनेरहून कॉलेजसाठी मी नागपुरात आलो, तेव्हा सक्करदऱ्याकडच्या एका गल्लीत त्यांच्याच घरावरची खोली मिळाली. काका वीज केंद्रातून रिटायर झालेले ऑपरेटर. तिथं पाळी बदलताना येणारा माणूस जाणाऱ्याला आधी एकच विचारायचा, काटा कुठं आहे? म्हणजे मीटरचा काटा, वाफेचा दाब आत्ता किती. "मागच्या पाळीत तर याहून वर होता," हे उत्तर चालायचं नाही. मागच्या पाळीचं रजिस्टरमध्ये असतंच, आत्ताचं सांग. काकांनी हा नियम अख्ख्या देशाला लावून टाकला होता. नाव त्यावरूनच पडलं.

कोपऱ्यावरच्या चहाच्या ठेल्यावर बबनभाऊ आपल्या पक्षाची बाजू घेऊन सुरू व्हायचा, "इतके साल त्यांनी काय केलं?" काका चष्मा वर सारायचे, दोनदा खोकायचे. "ते रजिस्टरमध्ये आहे, भाऊ. काटा कुठं आहे ते सांग." समोरच्या पक्षाचा कोणी खूश होऊन हसला की त्याच्याकडं वळायचे. "तू काहून हसून राहिला? तुह्या पाळीचंही लिहून आहे." मग दोघंही मिळून म्हणायचे, काका, तुम्हाला काही चांगलं पाहवतच नाही. काका चहावर फुंकर मारत म्हणायचे, "घ्या. काटा सोडला, ऑपरेटरले धरलं."

मी शाळेपासूनचा नकलाकार. सावनेरात हेडमास्तरांपासून बसच्या कंडक्टरपर्यंत कोणाला सोडलं नव्हतं, मग काकांना कुठून सोडणार? त्यांची नक्कल त्यांनाच करून दाखवली. काकू पोळी लाटता लाटता हसून खाली बसल्या. काका गंभीरपणे म्हणाले, "खोकला दोनदा आहे, गा. तू तीनदा केला."

घराच्या फाटकासमोर नालीचा चेंबर होता, त्याचं झाकण कधीचं गेलं होतं. काकूंच्या डोळ्यांत मोतीबिंदू. काकांनी त्या खड्ड्यात बाभळीची फांदी उभी केली, तिला काकूंच्या जुन्या साडीचा लाल तुकडा बांधला आणि निवडणुकीची वाट बघत बसले.

निवडणूक आली, गल्लीत मांडव पडला. आमचे नगरसेवक पुन्हा उभे होते. काका प्रश्न लिहिलेला कागद घेऊन उठले. "चेंबरचं झाकण कोणत्या तारखेले लागते, तेवढं सांगा."

"काका, मागच्या नगरसेवकाच्या काळात तर इथं नालीच नव्हती. तेव्हा विचारलं होतं का तुम्ही?"

काकांनी चष्मा वर सारला. मी मागच्याच खुर्चीवर. आता काय येणार ते मला पाठ होतं, आणि पाठ असलेलं माझ्या तोंडात कधी राहिलं नाही. त्यांच्या आधी मीच दोनदा खोकलो, त्यांच्याच आवाजात म्हणालो, "ते रजिस्टरमध्ये आहे, भाऊ. काटा कुठं आहे ते सांग."

मांडव फुटला हसून. नगरसेवक सगळ्यांत जास्त हसले. "आपल्या वॉर्डात कलाकारही आहेत," म्हणत त्यांनी हात जोडले, माईक पुढच्याकडं गेला. काका थोडा वेळ उभे होते. मग कागदाची बारीक घडी करून खिशात ठेवली आणि बसले.

संध्याकाळी खाली गेलो. "काका, गंमत केली हो."

"चांगली झाली. खोकलाही बरोबर दोनदा." टीव्ही बिनआवाजाचा चालू होता. "पण त्याले उत्तर द्या लागलं असतं, पोट्ट्या. तू सोडवलं त्याले."

मी म्हणालो, "हसले तर सगळेच ना, काका. मी एकटा थोडीच?"

वाटलं, आता चष्मा वर जाईल. नाही गेला. ते टीव्हीकडं बघत राहिले. माझंही बोट दुसऱ्याकडं गेलं होतं, हे मला वर खोलीत गेल्यावर समजलं.

त्यानंतर काकांनी ठेल्यावर कोणाला काही विचारलं नाही. दोन महिन्यांनी कोण्या मिरवणुकीसाठी रस्ता झाडला आणि फांदी कोणीतरी काढून फेकली. भर दुपारी काकूंचा पाय खड्ड्यात गेला, खुबा मोडला. मुलगी दोघांनाही चंद्रपूरला घेऊन गेली. गाडीत बसायच्या आधी काकांनी नवी फांदी रोवली. मला म्हणाले, "कापड फाटलं का बदलजो." एवढंच. रागावले असते तर मी त्याचीही नक्कल शिकून मोकळा झालो असतो.

मी वरच्या खोलीतच राहिलो, कापड तीनदा बदललं. परवा गल्लीत पुन्हा सभेचा मांडव होता, निवडून आलेले तेच नगरसेवक. मी उठलो. घरून ठरवून आलो होतो, आपल्याच आवाजात बोलायचं. "चेंबरचं झाकण कोणत्या तारखेला लागेल?"

"हे बघा, आमच्या आधीच्या लोकांनी..."

"ते रजिस्टरमध्ये आहे. काटा कुठं आहे ते सांगा."

मग मागून बबनभाऊचा आवाज आला, "खोकला राहिला, गा."

सगळे हसले. नगरसेवकांनी हात जोडले, माईक पुढं गेला. मी उभाच होतो.