अध्याय अर्धा सोडायचा नाही

शेंगाची चटणी अर्धीमुर्धी कुटून झाली होती, तेवढ्यात गिरणीचा सकाळचा आठचा भोंगा वाजला आणि गोदावरीबाईंनी मुसळ भिंतीला टेकवलं. नवऱ्याच्या, यज्ञेश्वरबुवांच्या वाचनाची वेळ. टेप चालू असताना घरात खुट्ट झालेलं चालत नसे.

शहात्तर सालच्या माघात बुवांच्या अंगावरून वारं गेलं. हातपाय सावरले, जीभ मात्र जडच राहिली. तीस वर्षं श्रावणात देवळात पोथी वाचलेला माणूस. आता पाणी मागितलं तरी दोनदा विचारावं लागे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज पाच ओळी सावकाश वाचा, टेपवर आपलाच आवाज ऐका, चुकलं ते पुन्हा म्हणा. दमायच्या आत थांबा. गोदावरीबाईंच्या भावानं, गोपाळनं, मोहोळहून आपला टेपरेकॉर्डर आणून दिला होता.

पण पोथी उघडली की अध्याय पुरा करायचा, ही त्या घरची रीत. गोदावरीबाईंनी चार महिने ती मोडू दिली नाही.

श्रावण पंधरा दिवसांवर आला होता. यंदा बुवा वाचणार की नाही, हे ठरवायला देवळाचे पंच आबासाहेब आज ऐकायला आले होते. गोपाळही आला होता. त्यानं टेपचं बटण दाबलं आणि बुवा वाचू लागले.

पहिल्या दहा ओळी स्वच्छ आल्या. "वा, बुवा!" आबासाहेब म्हणाले. पुढं शब्द एकमेकांत मिसळू लागले. आता थांबवावं, असं गोदावरीबाईंना वाटलं. हात बटणापर्यंत गेलासुद्धा. पण देवापुढं दिवा तेवत होता, पोथी उघडी होती. त्यांनी हात मागं घेतला. शेवटी शेवटी नुसता घरघरता आवाज उरला. आबासाहेब फरशीकडं बघत राहिले.

"अक्का, डॉक्टर पाच ओळी म्हणाले होते की!" गोपाळ कळवळला. "अंगणात फिरवायला सांगितलं, तर तू दाजींना रोज बार्शीपर्यंत पळवलंस."

"अर्धी पोथी मिटू? कुणाच्या जिवावर?"

"मग पेपर द्यायचा हातात. त्याला कुठं अध्याय असतो?"

एवढं साधं गोदावरीबाईंना सुचलं नव्हतं.

"वैनी, यंदा वैरागच्या बुवांना बोलावतो," आबासाहेब हळूच म्हणाले. "पुढल्या साली हे हायतच की."

यज्ञेश्वरबुवा काहीतरी बोलले. पुन्हा बोलले. आबासाहेबांनी गोदावरीबाईंकडं पाहिलं. इतक्या वर्षांचा संसार, पण त्यांनाही कळलं नाही.

"बरं म्हणतायत," त्या म्हणाल्या.

बुवांनी जोरजोरात मान हलवली, नाही, नाही. मग भिंतीकडं तोंड फिरवलं.

"ही देवळाची पोथी तेवढी बाराच्या आत माझ्या घरी पोचती करा, वैरागला निरोप्याबरोबर धाडतो," उठता उठता आबासाहेब बोलले.

गोदावरीबाईंनी हात धुतले, पोथी धुवट फडक्यात बांधली. बाराच्या आत ती आबासाहेबांच्या घरी द्यायची होती.