हिरूदादांचं पान

हिरूदादा धावताना कधी समोर पाहत नसत. मान खाली, डोक्याला रुमाल, पाय अनवाणी. डोंबिवली पश्चिमेला खाडीच्या कडेने जाणारा तो सपाट मातीचा बांध ते एका लयीत कापत जायचे आणि मध्येच थांबून एखाद्या जागी टाच आपटायचे. दोनदा, तीनदा. मग पुन्हा धाव.

ऐंशीचं दशक संपत आलेलं. डॉक्टरांनी माझ्या पोटाकडे बघून ‘रोज पळत जा’ असं सांगितलं होतं. पांढरे कॅनव्हासचे बूट, हाफ पँट, मनगटावर घड्याळ आणि गळ्यात नॅपकिन अशा तयारीने मी पहाटे साडेपाचला बांधावर हजर होऊ लागलो. नॅपकिन घाम पुसायला. घाम यायच्या आत मी थांबत असे, हा भाग वेगळा. हे साठीचे कोळी गृहस्थ आपले प्रतिस्पर्धी आहेत अशी माझी प्रामाणिक समजूत होती. मात्र दोन दिवस दिसले की पुढे दहा-बारा दिवस त्यांचा पत्ता नसायचा. माणसात नियमितपणा नाही, असं मी मनाशी ठरवलं आणि एकदा बोलूनही दाखवलं.

“सायब,” ते म्हणाले, “तू रोज येतंस, पन पानी नसताना येतंस. मंग येतंस कशाला?”

‘सायब’ आणि ‘तू’ ते एकाच वाक्यात म्हणत, आणि दोन्ही मनापासून.

तेव्हा मला कळलं, की हे जॉगिंग नव्हतं. बांधाच्या एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला गावाची भातशेती. चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, बांधात बिळं पाडतात. भरतीचं पाणी चढलं की तेच बीळ रुंदावून बांध फुटतो, खारं पाणी शेतात शिरतं आणि पुढची दोन-तीन वर्षं तिथे भात होत नाही. म्हणून पाणी भरायच्या वेळी अख्खा बांध तुडवून बघायचं काम गावाने हिरूदादांकडे दिलेलं. त्यांच्या वडलांकडेही तेच होतं.

“पण वेळ कशी कळते तुम्हांला?” मी विचारलं.

“तिथीची पाऊनपट काड. मुंबयचा पानी झाला. आपले खारीत त्याचेवर एक तास धर. तुजा घड्याल घरात ठेव.”

चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, वर एक तास, म्हणजे चार वाजता भरती, हे मी बोटांवर मोजलं. सतरा वर्षं हिशेबखात्यात नोकरी केलेला मी, माझं उत्तर यायच्या आत ते उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापर्यंत पोचले होते.

त्या दिवसापासून मी त्यांच्या मागे धावू लागलो. “धावाचा तो पोचाला नाय, बगाला,” असं ते सांगत. मी बघत होतो, पण मला आपली सगळी माती सारखीच दिसायची.

त्या वर्षी सर्वपित्री अमावास्या रविवारी आली. घरी स्वयंपाक चाललेला. मी वड्याची चव बघायला गेलो आणि बायकोने मला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. “अहो, पितरांच्या आधी तुम्ही? जा, जरा फिरून या.” मी चपला घालून बांधावर गेलो. बारा वाजून गेलेले, उधाणाचं पाणी काठाला टेकलेलं. शेतात भाताचा दाणा भरत होता.

हिरूदादा एका जागी टाच आपटून थांबले, वाकले आणि शेताच्या बाजूने खाली घसरले. बांधाच्या अंगातून मनगटाएवढी धार येत होती. त्यांनी डोक्याचा रुमाल आत कोंबला, चिखल थापला आणि त्यावर पाठ लावून, पाय रोवून बसले.

“गावात जा. मानसा आन.”

मला एकदम शौर्य सुचलं. “दादा, मी बसतो. तुम्ही धावा, तुम्ही लवकर पोचाल.”

“तुला बसाला येनार नाय,” ते शांतपणे म्हणाले. “धावाला तरी येतंय. आठ म्हयने धावतंस ना? मंग धाव.”

मी धावलो. चपला पहिल्या वळणावर गेल्या. देवळापाशी पोचलो तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. पारावर चार जण पत्ते खेळत होते. त्यांतला एक म्हणाला, “सायबाच्या मागं कुत्रा लागलाय वाटतं.”

“हिरूदादा... बसलेत,” एवढंच मला म्हणता आलं.

पत्ते तिथेच राहिले. कुठे, कशाला, कोणीही विचारलं नाही. फावडी निघाली, पेंढा निघाला, बायका घमेल्यांत चिकणमाती भरून पळत सुटल्या. पाणी उतरेपर्यंत बांध टिकला. हिरूदादांना दोघांनी उचलून उभं केलं. त्यांची पाठ सोलवटली होती. माझ्या चिखलाने भरलेल्या पायांकडे बघून ते म्हणाले, “आता तुजा पाय धावला.”

घरी पोचलो तेव्हा तीन वाजले होते. “पितर जेवून गेले,” बायको म्हणाली. मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि पाय धुवायला बादलीभर पाणी आणून ठेवलं. दिवाळीनंतर हिरूदादा स्वतः पिशवीभर नवे तांदूळ घेऊन आले. “वैनी, यो सायबानी राखलेला,” म्हणाले. इतकी मोठी थाप त्यांनी आयुष्यात दुसरी मारली नसावी.

पुढे शेतं गेली, इमारती आल्या, बांध भरावाखाली दिसेनासा झाला. हिरूदादा शेवटपर्यंत ओट्यावर बसून पाऊणपट काढत आणि भरतीच्या त्या वेळी पाय हलवत. नव्वद सालानंतरच्या एका पावसाळ्यात ते गेले.

तेव्हापासून सर्वपित्रीला आमच्याकडे एक पान जास्त असतं. पहिल्या वर्षी मी ते बाकीच्यांबरोबर साडेबाराला मांडायला निघालो, तर बायकोने हात धरला.

“अहो, आत्ता कसे येतील ते? पाणी भरायची वेळ ही.”

हिरूदादांचं पान आम्ही ओहोटी लागल्यावर वाढतो.