सगळे चढल्याशिवाय

मला त्या ड्रायव्हरनं जितकं छळलं तितकं अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात कुणी छळलेलं नाही, आणि ज्याचे उपकार मी उघड मान्य करतो असा माणूसही तोच एक.

मी मिरचीचा व्यापारी. डोक्यावरच्या टोपलीपासून दुकानापर्यंत आलो तो भांडून, घासाघीस करून. जळगाव जामोदहून नांदुऱ्याच्या लिलावाला नेणारी सकाळची एस.टी. हा चालवी. मूळचा कोकणातल्या एका चिमुकल्या बेटावरचा, पूर्वीचा होडीवाला. गाडी काढण्याआधी बोट ओलं करून वारा बघे. नारळी पौर्णिमेला पूर्णेकाठी गाडी थांबवून नदीला नारळ देई, आणि सगळे उतारू खोबऱ्यासाठी हात पुढे करीत. एवढं मी सोसलं असतं. पण रोजचा एखादा उतारू दिसला नाही की हा गाडीच हलवत नसे. कंडक्टर घंटी मारून दमे.

"काऊन थांबला बे? लिलाव चालला माझा," मी ओरडे.

"भाजीवाली आजी यायची हाय, शेठ. तिले टाकून कसा जाऊ?" आमची बोली त्यानं उचलली होती, हेल मात्र समुद्राचा.

आजी निवांत येई आणि वर मलाच सरकायला सांगे. तोवर चांगला माल दुसऱ्यानं उचललेला असे. त्या सौद्यांचा राग मला अजून आहे.

मग माझी बायको पहिल्या बाळंतपणात अडली. सुईण म्हणाली, "नांदुऱ्याच्या दवाखान्यात न्या, आता माह्या हातात नाही." आमची बैलबंडी मळ्यातल्या घरून निघाली तेव्हाच गाडीची वेळ टळली होती. स्टँडवर पोचलो तर गाडी उभी. शेजाऱ्यानं सायकलवर पुढे जाऊन निरोप दिला होता. ड्रायव्हर इंजिन बंद करून बसलेला, आणि एक कापूसवाला थेट माझ्याच शब्दांत त्याच्यावर तोंड टाकत होता. ड्रायव्हरनं खड्डे चुकवत, अंडी न्यावीत तशी गाडी नेली. मुलगी झाली. दोघी वाचल्या.

पेढे द्यायला गेलो तेव्हा त्यानं सांगितलं. त्याच्या बेटावर सगळे चढल्याशिवाय होडी सुटत नसे. मग मुंबईची सहलीची मंडळी येऊ लागली. घरांवर कौलं आली, पोरांच्या अंगात सदरे आले, चांगली मासळी पाहुण्यांच्या ताटात गेली. लाँच पाहुण्यांच्या वेळेवर सुटू लागल्या. तापानं फणफणलेली त्याची आई धक्क्यावर बसून राहिली आणि भरलेल्या लाँच समोरून गेल्या. "त्यातली एक तर माह्या सख्ख्या भावाची होती," तो म्हणाला. आई दवाखान्यात पोचली, पण उशिरा. त्यानंतर तो समुद्रावर राहिला नाही.

निवृत्त झाल्यावर मात्र त्या बेटावरच परतला. लेकीला घेऊन आम्ही भेटायला गेलो. लाँचवाल्यानं गावकऱ्यांना मागे सारून आम्हाला पुढे बसवलं. मी असा भांडलो की टोपलीवाल्या बायाही आत आल्या. बेटावर पोचलो तेव्हा ड्रायव्हरनं लेकीला बराच वेळ न्याहाळलं. "मोठी झाली," एवढंच म्हणाला.

परतीची लाँच ठरल्या वेळी सुटली. धक्क्यावरून ड्रायव्हर काहीतरी सांगत होता. मी लाँचवाल्याला थांब म्हणालो, चढ्या आवाजात म्हणालो, पण पुढची खेप भरायची होती त्याला. वाऱ्यात शब्द कळले नाहीत. धक्क्यावरचा त्याचा हात तेवढा बराच वेळ दिसत राहिला.