गळाभेटीचा सत्कार

त्या साली दुष्काळ होता म्हणून मी वाचलो. गावच्या विहिरीला पाणी असतं, तर त्या संध्याकाळी लाजेनं उडीच मारली असती. आता एवढं बोललोय तर ऐकाच.

मी केजजवळच्या एका गावात इंग्रजीचा मास्तर. आमच्या गल्लीत कित्येक दिवस टँकर फिरकला नव्हता. टँकर कुठं वळवायचा ते ठरवायचे दूध सोसायटीचे चेअरमनसाहेब. सोसायटीनं जनावरांसाठी चारा छावणी उघडली म्हणून त्यांचा सत्कार ठरला, अन् भाषण आलं माझ्या वाट्याला. निघताना बायकोनं बजावलं, "लई बोलू नका. तेवढं टँकरचं म्हना अन् खाली बसा."

लगेच खाली बसेल तो मास्तर कसला?

माइक हातात आला अन् माझ्या तोंडून निघालं, "साहेब, ह्या सत्काराला इंग्रजीत म्हणतात अकोलेड!" मग त्या शब्दाची कुंडलीच मांडली. त्याचं मूळ लॅटिनमधल्या गळ्यात. जुन्या काळी युरोपात नवा सरदार केला की त्याला गळामिठी मारायचे, पुढं मिठीऐवजी खांद्याला तलवार टेकवायला लागले, अन् आता कुठल्याही जाहीर कौतुकाला तो शब्द चालतो. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की मला आवरत नाही. म्हणालो, "हार काय, उद्या सुकतो. खरा मान गळाभेटीचा!"

छावणीतल्या मंडळींनी ते मनावर घेतलं. बिचारी शेण काढता काढता उठून आलेली, अंगाला पाणी लागून किती दिवस झाले कुणास ठाऊक. पहिला म्हातारा स्टेजवर चढला अन् साहेबांना कडकडून भेटला. मागं ही रांग लागली! साहेबांचा कडक इस्त्रीचा पांढरा सदरा आधी पिवळट झाला, मग चक्क हिरवा. फोटो निघत होते, त्यामुळं त्यांना हसावंही लागत होतं. मिठीतून ते माझ्याकडे असे बघत होते की मी माइक ठेवून खाली बसलो. टँकरचं बोलायचं राहूनच गेलं.

शेवटची मिठी सुटली तसे साहेब मांडवाबाहेर उभ्या टँकरच्या ड्रायव्हरवर खेकसले, "टँकर घराकडं घे बे. आंघुळ करायची हाय मला."

ड्रायव्हर जाता जाता हळूच म्हणाला, "सर, ह्यो तुमच्याच गल्लीला निघालता. साहेबांनी सकाळीच सांगितलं होतं."

गल्लीत बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या. आमच्या हिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग पाणी शेंदायच्या दोराचं वेटोळं केलं, सगळ्यांदेखत माझ्या गळ्यात घातलं अन् हातात घागर दिली. "माळाच्या पल्याड इहीर हाय. निघा."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. जन्मात मला मिळालेला तेवढाच एक अकोलेड, अन् तोही अगदी मूळ अर्थाला धरून.